खाशाबांचं कॉलेज आणि प्राचार्यांचं घर

डिस्कव्हरी गार्डन्समध्ये हिवाळ्याच्या संध्याकाळी खालच्या बाकांवर गर्दी असते. चार-चार मजल्यांच्या इमारती, मध्ये झाडं, आणि ग्रुपांची नावं मोठी गमतीदार: झेन, मोगल, मेडिटरेनियन, कॅक्टस. व्हिजिट व्हिसावर आलेले आई-वडील याच बाकांवर एकमेकांना गाठतात आणि आठवडाभरात कोण कुठल्या तालुक्यातलं हे सगळ्या आवाराला कळतं.

गेल्या जानेवारीत आमच्या शेजाऱ्यांचे वडील आले होते. कराडच्या बाजूचे. सगळे त्यांना आबा म्हणत. नातू बारावीत. शाळेत जिजुत्सूपासून सुरुवात झाली (इकडे तो खेळ शाळाशाळांतून शिकवतात), मग पोराला फ्रीस्टाइल कुस्तीचा नाद लागला आणि आता त्याला अमेरिकेतल्या अशा कॉलेजात जायचं होतं, जिथे कुस्तीचा संघ आहे. बापाचं गणित वेगळं चाललं होतं. फी, राहणं, विमा, आणि यातलं काहीच जमलं नाही तर गावाकडचा फ्लॅट गहाण ठेवायचा का. आबा हे सगळं ऐकून घेत आणि शेवटी एकच विचारत, "व्हय, पर कुस्ती खेळून पुढं काय?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर गावागणिक आणि देशागणिक बदलतं. मला इतिहास वाचायची खोड आहे, त्यामुळे आबांना उत्तर द्यायचं माझ्याकडे लागलं.

आधी अमेरिकेचं सांगितलं, कारण पोराचं डोकं तिकडेच होतं. तिथे एनसीएए ही संस्था कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धा भरवते. कुस्तीची पहिली स्पर्धा १९२८ साली आयोवा राज्यातल्या एम्स गावी झाली. आज दहा वजनी गट आहेत, म्हणजे वरच्या श्रेणीत दरसाल फक्त दहा विजेते. भल्यामोठ्या स्टेडियममध्ये मार्च महिन्यात हा फड रंगतो. आपल्या खासबागेसारखाच, फक्त माती नाही आणि हलगी नाही.

आता या विजेत्यांचं पुढे काय होतं? डॅन गेबल यांचं उदाहरण घ्या. आयोवा स्टेट विद्यापीठात ते कॉलेजच्या कारकिर्दीत एकच कुस्ती हरले, आणि तीही शेवटची, १९७० च्या राष्ट्रीय अंतिम फेरीत. दोन वर्षांनी म्युनिक ऑलिंपिकमध्ये एकही गुण न देता त्यांनी सुवर्ण जिंकलं. मग आयोवा विद्यापीठाने त्यांना प्रशिक्षक नेमलं, आणि १९७६ ते १९९७ या काळात त्यांच्या संघाने पंधरा वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. केल सँडरसन कॉलेजात १५९ कुस्त्या लढले, एकही हरले नाहीत, चार वर्षं चार विजेतेपदं. २००४ साली अथेन्सचं सुवर्ण. तेही कॉलेजचेच प्रशिक्षक झाले आणि पेन स्टेटला त्यांनी दहाहून अधिक विजेतेपदं मिळवून दिली. म्हणजे पहिलवान तालमीतून निघाला आणि वस्ताद होऊन तालमीतच परतला. फरक एवढाच, की ही तालीम विद्यापीठाची आणि वस्तादाला रीतसर पगार.

सगळे वस्तादच होतात असं नाही. १९८५ च्या अंतिम फेरीत विस्कॉन्सिनच्या जिम जॉर्डन यांनी ओक्लाहोमा स्टेटच्या जॉन स्मिथला हरवलं. हरलेल्या स्मिथने पुढे १९८८ आणि १९९२ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं घेतली. जिंकलेले जॉर्डन ऑलिंपिक संघात कधी पोचले नाहीत, ते राजकारणात गेले आणि अमेरिकी काँग्रेसचे सदस्य झाले. आणि कर्ट अँगल, ब्रॉक लेसनर ही नावं तर आपल्या पोरांनी टीव्हीवर पाहून पाठ केलेली. दोघेही खरेखुरे कॉलेज विजेते. अँगल १९९० आणि १९९२ चे, वर १९९६ चं ऑलिंपिक सुवर्ण. लेसनर २००० सालचे. टीव्हीवरच्या नाटकी कुस्तीत पैसा होता, ते तिकडे गेले.

बापाला मात्र एक आकडा सांगावाच लागला. कुस्तीच्या एका संघाला परवापरवापर्यंत पूर्ण शिष्यवृत्त्या किती, तर ९.९. तीसएक पोरांत त्या वाटून द्यायच्या. कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला नुसती पुस्तकं. आता नियम बदललेत, पण फुकट शिक्षण होईल या हिशोबाने कुणी विमानात बसू नये. हे ऐकून आबा म्हणाले, "म्हंजे तिथंबी खुराकाचं वांदंच." त्यावर आम्ही सगळेच हसलो.

आबांचा खरा प्रश्न अमेरिकेचा नव्हताच. "आपल्याकडं काय?" हा होता. आणि आबा कराडचे, म्हणजे उत्तर त्यांच्या दारातच होतं. कराडला लागून गोळेश्वर नावाचं गाव आहे. १५ जानेवारी १९२६ रोजी तिथे खाशाबा दादासाहेब जाधव जन्मले. पाच भावांत धाकटे. वडील पहिलवान, त्यांनीच पहिले डाव शिकवले. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात. बेचाळीसच्या चळवळीत या पोराने भूमिगतांना मदत केली, आणि तिथून पुढे कोल्हापूरचं राजाराम कॉलेज.

इथे थोडं थांबायला हवं, कारण खाशाबांची गोष्ट सांगताना हे कॉलेज नेहमी घाईत उरकलं जातं. कोल्हापुरात कुस्तीला आश्रय होता तो दरबाराचा आणि पेठेचा. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं, तालमींना बळ दिलं, उत्तरेतले पहिलवान आणून सांभाळले. पहिलवान म्हणजे तालमीत राहणारा, दूध-बदाम खाणारा, जोर-बैठका मारणारा गडी. त्याला वही-पुस्तकाशी घेणंदेणं असावं अशी कुणाची अपेक्षा नव्हती, आणि कॉलेजात शिकणाऱ्याने लंगोट बांधावा अशीही नव्हती. या दोन जगांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत खाशाबा उभे होते. उंची साडेपाच फुटांच्या आसपास, अंगाने किरकोळ. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत कुस्तीला नाव द्यायला गेले, तर क्रीडाशिक्षकांनी हा एवढासा पोरगा म्हणून नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि या एवढ्याशा पोराने आपल्यापेक्षा थोराड गड्यांना चीत केलं.

हे प्राचार्य म्हणजे बाळासाहेब खर्डेकर. इंग्रजी लेखांत त्यांचं आडनाव बहुतेक ठिकाणी खराडीकर असं छापतात, आणि मग त्या इंग्रजीवरून मराठीत लिहिणारेही तेच गिरवतात. निदान आपण तरी नाव नीट घ्यावं. त्यांचं काम पुढे येईलच.

१९४८ साली खाशाबा लंडन ऑलिंपिकला गेले. जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. मातीत वाढलेला गडी, मॅटवरची कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम दोन्ही नवीन. तिथे अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्यांना मॅटवरच्या चार गोष्टी दाखवल्या. फ्लायवेट गटात, म्हणजे ५२ किलोत, ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवून ते सहावे आले. पहिल्याच खेपेला सहावा नंबर ही लहान गोष्ट नव्हे. परत आल्यावर त्यांनी वजन वाढवलं, मॅटसाठी आपली कुस्ती बदलली आणि चार वर्षं त्याच एका गोष्टीचा ध्यास घेतला. ढाक हा त्यांचा हुकमी डाव.

१९५२ ची हेलसिंकीची वारी मात्र खाशाबांना घरच्याच माणसांशी लढून मिळवावी लागली. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत निरंजन दास यांच्याविरुद्ध एका गुणाने हरल्याचा निकाल लागला. खाशाबांना तो मान्य नव्हता. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावली गेली, आणि या वेळी त्यांनी निरंजन दासना चीतच केलं. निवड झाली. आता पैसे. या खेपेला संस्थान नव्हतं, कोल्हापूर १९४९ सालीच मुंबई राज्यात विलीन झालं होतं. मुंबई सरकारकडे मदत मागितली तर स्पर्धा झाल्यावर या असं उत्तर मिळालं, असं आजही कराडकडे सांगतात. गावाने वर्गणी काढली, व्यापाऱ्यांनी हातभार लावला, तरी आकडा भरेना.

तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

१९५२ चे सात हजार. नातेवाईक नव्हे, जातगोताचा प्रश्न नाही, निवडणूक नाही, कॉलेजला अनुदान मिळणार नाही. एका विद्यार्थ्यासाठी प्राचार्याने छप्पर पणाला लावलं. हे सांगताना आमचा शेजारी, म्हणजे आबांचा मुलगा, गप्प झाला होता. फ्लॅट गहाण ठेवायचा का म्हणून तो महिनाभर घोळ घालत होता, आणि तोही स्वतःच्या पोरासाठी.

हेलसिंकीत बँटमवेट गट, ५७ किलो. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवत खाशाबा पुढे गेले. मग जपानच्या शोहाची इशीशी लांबलचक कुस्ती झाली आणि ती गमावली. सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोवशी पुढची कुस्ती. दोन लढतींच्या मध्ये विश्रांती मिळण्याचा नियम होता, पण भारताच्या बाजूने तो दाखवून द्यायला कुणी अधिकारी मॅटजवळ नव्हता आणि दमलेल्या अंगानेच उतरावं लागलं, असं त्यांच्याविषयीच्या बहुतेक लेखांत आहे. इशी सुवर्ण, मामेदबेकोव रौप्य, खाशाबा कांस्य. तारीख २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्याच दिवशी हॉकीच्या संघाने नेदरलँड्सला ६-१ असं हरवलं, बलबीर सिंग यांचे एकट्याचे पाच गोल, आणि देशाचं लक्ष तिकडे गेलं. साहजिकच होतं. त्याच हेलसिंकीत कोल्हापूरचेच केशव माणगावेही लढले आणि त्यांचं पदक थोडक्यात हुकलं, हे तर आता कुणाला आठवतही नाही.

कराडला मात्र खाशाबांची मिरवणूक निघाली. शेकड्याहून जास्त बैलगाड्या, ढोल-ताशे, स्टेशनपासून गावापर्यंत. आबांच्या घरातून एक गाडी त्या मिरवणुकीत होती असं त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलेलं. खरं-खोटं देव जाणे. त्या भागातल्या प्रत्येक घराची एक गाडी त्यात होती असं ऐकू येतं. तेवढ्या गाड्या उभ्या केल्या असत्या तर रांग साताऱ्यापर्यंत गेली असती!

आता इशीकडे वळू, कारण आबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे. इशी ज्युदोतून कुस्तीत आलेला, आणि हेलसिंकीत जपानला मिळालेलं ते एकमेव सुवर्ण. जपानमध्ये आधुनिक कुस्ती रुजवली ती विद्यापीठांनी. इचिरो हात्ता यांनी १९३१ साली वासेदा विद्यापीठात पहिला कुस्ती क्लब काढला, पुढे तेच जपानी कुस्ती महासंघाचे अध्यक्ष झाले. चुओ विद्यापीठाच्या शोझो सासाहारा यांनी १९५६ साली मेलबर्नला सुवर्ण घेतलं आणि पुढे तेही महासंघाच्या अध्यक्षपदापर्यंत गेले. खेळाडू, प्रशिक्षक, संघटक अशी चढण तिथे होती. एकाने कमावलेलं ज्ञान दुसऱ्या पिढीच्या अंगात उतरायला शिडी होती. जपानने त्यानंतर कुस्तीत किती पदकं आणली ते आपण दर चार वर्षांनी पाहतोच.

आणि खाशाबा? १९५५ साली ते मुंबई पोलिसांत सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. मेलबर्नच्या आधी गुडघा जायबंदी झाला आणि तिसरं ऑलिंपिक हुकलं. पोलीस खात्याच्या स्पर्धा त्यांनी जिंकल्या, पोरांना शिकवलंही, पण सगळं ड्युटी सांभाळून. बढती वर्षानुवर्षं अडली. सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतर असिस्टंट कमिशनर म्हणून निवृत्त झाले आणि पेन्शनसाठी झगडत बसले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी मोटारसायकलच्या अपघातात गेले. हयातीत ना अर्जुन पुरस्कार, ना पद्म. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या मशाल दौडीत त्यांना मान मिळाला, तेवढाच. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. २०१० साली दिल्लीच्या कुस्ती स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं, आणि अलीकडे महाराष्ट्र सरकारने त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन ठरवला. गोळेश्वरला त्यांच्या नावाने कुस्ती संकुल व्हायचं होतं. ते रखडलं, तेव्हा २०१७ साली घरच्यांनी ते पदकच लिलावात काढण्याचा इशारा दिला होता.

खाशाबांची उपेक्षा यावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय, आणि त्यात खोटं काही नाही. पण मला वाटतं, बिल्ले आणि पुरस्कारांच्या हिशोबात आपण मुख्य नुकसान विसरतो. लंडन आणि हेलसिंकी अशा दोन ऑलिंपिकांत मॅटवर उभा राहिलेला, इंग्रजी पुस्तकं वाचू शकणारा, माती आणि मॅट दोन्ही जाणणारा माणूस १९५२ साली कोल्हापुरात किती होते? हाताच्या बोटांवर. त्यांना राजाराम कॉलेजात किंवा कुठल्याही विद्यापीठात वस्ताद म्हणून नेमलं असतं तर? वीस वर्षांत वीस पोरं तयार झाली असती की नाही कोण जाणे, पण तशी जागाच नव्हती. कॉलेजने घर गहाण ठेवणारा प्राचार्य दिला, पण पहिलवानासाठी खुर्ची दिली नाही, कारण तशी खुर्ची कुणाच्या कल्पनेतच नव्हती. खाशाबांनंतर भारताचं दुसरं वैयक्तिक पदक आलं ते १९९६ साली, लिअँडर पेसचं. कुस्तीतलं दुसरं २००८ साली, सुशील कुमारचं. महाराष्ट्राचं दुसरं २०२४ साली, तेही नेमबाजीत, राधानगरी तालुक्यातल्या स्वप्निल कुसाळेचं. मध्ये बहात्तर वर्षं.

या काळात महाराष्ट्रात पहिलवानाच्या 'पुढं काय'चं एक उत्तर पक्कं झालं: वर्दी, नाहीतर रेल्वे. कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, पदकानंतर त्याला बढती मिळाली आणि राज्य सरकारने एक कोटी जाहीर केले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे, २०१८ चा राष्ट्रकुल सुवर्णविजेता आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य, थेट पोलीस उपअधीक्षक झाला. तीन वेळचा महाराष्ट्र केसरी विजय चौधरीही तसाच. खाशाबा सब-इन्स्पेक्टर म्हणून आत गेले आणि ज्या हुद्द्यावरून निवृत्त झाले, जवळपास त्याच पायरीवर आजचा पहिलवान पहिल्या दिवशी रुजू होतो. ही प्रगतीच आहे, नाही म्हणू नये. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के राखीव जागा आहेत, आंतरविद्यापीठ कुस्तीचं सर्टिफिकेट म्हणूनच पोरं जपून ठेवतात. पण बंदोबस्ताला उभा असलेला पहिलवान संध्याकाळी कुणाला ढाक शिकवणार, हा प्रश्न राहतोच.

आबांना यातलं पोलीस खातं पटलं. "सायब झाला म्हंजे चांगलंच की," म्हणाले. नातवाला पटलं नाही. त्याला गेबलसारखं आयुष्य हवंय, दिवसभर मॅटवर. बापाचं काहीच ठरत नव्हतं.

एका शुक्रवारी मी आबांना मेट्रोने देऱ्यात घेऊन गेलो. जुन्या मासळी बाजाराजवळच्या मोकळ्या वाळूत बरीच वर्षं शुक्रवार संध्याकाळी दंगल भरायची. पंजाबातले आणि पाकिस्तानातले कामगार, कुणी ट्रक चालवणारा, कुणी हमाली करणारा, कपडे काढून लंगोटावर उतरायचे, आणि जिंकणारा गर्दीत फिरून दिरहम गोळा करायचा. मी पूर्वी पाहिली होती. त्या दिवशी कुस्त्या नव्हत्या, नुसती वाळू होती. आबांनी वाकून ती मुठीत घेतली, चोळली आणि म्हणाले, "ह्यात त्याल न्हाई, ताक न्हाई. पाठ सोलून निघंल की."

परतताना मेट्रोत त्यांनी मधूनच विचारलं, "त्या मास्तरांचं घर सुटलं का मग?"

सुटलं. हेलसिंकीहून आल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः त्यात उतरले, जिंकले, आणि मिळालेले पैसे प्राचार्यांच्या हातात ठेवून घर सोडवलं.

आबा बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिले. इब्न बतूता मॉल दिसल्यावर उठले आणि म्हणाले, "पोराला सांगतो. आधी बापाचं घर सोडवायचं, मग काय ते."